सोळाव्या वर्षी चोरलेली फळं त्याला आयुष्यभर छळत राहिली, दुष्टाव्याचं मूळ शोधणाऱ्या सेंट ऑगस्टिनची गोष्ट

जुन्या गोव्यात बॉम जीझस बॅसिलिका बघून झाली की अनेक जण चढ चढून मोंते सांतो टेकडीवर जातात. तिथं जांभ्या दगडाचा, अर्धा पडलेला एक मनोरा आहे. उंची सुमारे ४६ मीटर. फोटो सगळेच काढतात, रीलही बनतात. पण ज्याच्या नावाचा हा मनोरा आहे तो सेंट ऑगस्टिन कोण, असं विचारलं तर बहुतेक जण एकमेकांच्या तोंडाकडं बघतात.

ऑगस्टिनच्या नावानं चालणाऱ्या संघाचे संन्यासी १५७२ साली गोव्यात आले. त्यांनी बांधलेलं चर्च १६०२ मध्ये पूर्ण झालं. पुढं १८३५ मध्ये पोर्तुगीज राजवटीनं असे धार्मिक संघ बंद केले आणि चर्च ओस पडलं. १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये मनोऱ्याचा अर्धा भाग ढासळला आणि उरला तो हा तुकडा. जवळच सांता मोनिका नावाचं कॉन्व्हेंट आहे. ही मोनिका म्हणजे ऑगस्टिनची आई.

स्वतः ऑगस्टिन गोव्यात कधी आला नव्हता. हे चर्च उभं राहायच्या जवळपास बाराशे वर्षं आधी तो उत्तर आफ्रिकेत वारला होता. पण ज्या प्रश्नानं त्याची झोप उडवली, तो प्रश्न कुठल्याही घरात निघतो. एखादं तरणंताठं माणूस अचानक जातं, एखाद्या लहान लेकराला मोठा आजार होतो आणि घरातलं कुणीतरी विचारतं, देव आहे तर मग हे का झालं?

ऑगस्टिनसमोर हा प्रश्न असा होता. देव चांगला आहे, सर्वशक्तिमान आहे आणि सगळं जग त्यानंच निर्माण केलंय. मग जगात वाईट आलं कुठून? देवानं केलं म्हणावं तर तो चांगला राहत नाही. त्याला थांबवता आलं नाही म्हणावं तर तो सर्वशक्तिमान राहत नाही.

या प्रश्नापायी त्यानं एक पंथ धरला, सोडला आणि इच्छास्वातंत्र्यावर आख्खा ग्रंथ लिहिला. आणि म्हातारपणी त्याच इच्छास्वातंत्र्याला इतकं आकसून टाकलं की आजपर्यंत त्यावरून वाद चालू आहे.

पोट भरलेलं होतं, तरी फळं चोरली

ऑगस्टिनचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ चा. गाव थागास्ते, म्हणजे आजच्या अल्जीरियातलं सूक अहरास. तेव्हा हा भाग रोमन साम्राज्यात होता. वडील पॅट्रिशियस जुन्या रोमन देवांना मानणारे, थोडीफार जमीन असलेले, गावच्या कारभारात बसणारे. आई मोनिका कट्टर ख्रिस्ती. पोरगं हुशार होतं, म्हणून त्याला शिकायला शेजारच्या मदौरा गावी ठेवलं. पुढचं शिक्षण कार्थेजसारख्या मोठ्या शहरात द्यायचं तर पैसे नव्हते. त्यामुळं सोळाव्या वर्षी त्याला घरी परत यावं लागलं आणि वर्षभर तो रिकामाच होता.

त्या वर्षात एका रात्री तो आणि त्याची टोळकी बाहेर पडली. त्यांच्या द्राक्षमळ्याजवळ दुसऱ्याचं नासपतीचं झाड होतं. पोरांनी झाड झोडपलं आणि भरमसाट फळं पळवली. दोन-चार चावली असतील नसतील, बाकी सगळी डुकरांना टाकली.

गावाकडं कैऱ्या पाडणाऱ्या कुठल्याही पोरानं केला असेल असा हा उद्योग. पण साधारण ३९७ ते ४०० या काळात, वयाची चाळिशी ओलांडल्यावर, ऑगस्टिननं कन्फेशन्स नावाचं आत्मचरित्र लिहिलं आणि त्यात या चोरीवर पानंच्या पानं खर्च केली.

त्याची अडचण अशी होती. भुकेला माणूस चोरी करतो, ते समजतं. मत्सरापोटी कुणी खून करतो, तेही समजतं. पण त्याच्या घरी यापेक्षा चांगली नासपती होती. फळांची भूक नव्हती, मालकाशी वैर नव्हतं. मग चोरी केली कशासाठी? त्यानं स्वतःलाच पकडलं ते इथं. करू नये असं होतं, म्हणूनच ते करण्यात मजा होती. एकटा असतो तर केली नसती, सोबतीला पोरं होती म्हणून केली, हेही त्यानं मान्य केलं. ग्रुपमध्ये माणूस काय काय करतो, हे त्यानं सोळाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं.

पण ही समज खूप नंतरची. सतरा वर्षांच्या ऑगस्टिनला गावातल्या रोमानियानस नावाच्या श्रीमंत माणसानं पैसे दिले आणि तो कार्थेजला पोचला. त्याच सुमारास वडील वारले. कार्थेजमध्ये त्याला एक तरुणी भेटली आणि दोघं एकत्र राहायला लागले. लग्न झालं नव्हतं, पण रोमन समाजात अशी नाती रूढ होती. त्यांना मुलगा झाला. नाव ठेवलं अदेओदातुस, म्हणजे देवानं दिलेला.

माझा दोष नाही, सांगणारा पंथ

एकोणिसाव्या वर्षी अभ्यासाचा भाग म्हणून त्यानं सिसेरोचं हॉर्टेन्सियस नावाचं पुस्तक वाचलं. ते आज हरवलंय, पण त्यानं ऑगस्टिनला तत्त्वज्ञानाचा नाद लावला. मग त्यानं आईचं बायबल उघडलं. सिसेरोच्या भाषेची सवय लागलेल्या पोराला लॅटिन बायबल गावंढळ वाटलं. शिवाय जग चांगल्या देवानं बनवलं असेल तर वाईट आलं कुठून, याचं त्याला पटेल असं उत्तर मिळेना.

ते उत्तर देणारी माणसं कार्थेजमध्येच होती. मानी नावाचा एक धर्मसंस्थापक २१६ साली बॅबिलोनियात जन्मला होता. बुद्ध, झरथुष्ट्र आणि येशू हे तिघं आपल्याआधी येऊन गेलेले प्रेषित आहेत, असं तो मानायचा. त्याचा पंथ रोमन साम्राज्यात चोरूनमारून चालायचा.

मानीपंथाचं म्हणणं सोपं होतं. सुरुवातीपासून दोन राज्यं आहेत, एक प्रकाशाचं आणि एक अंधाराचं. अंधारानं प्रकाशावर हल्ला केला आणि दोन्हींची सरमिसळ झाली, तेच हे जग. माणसाचा आत्मा प्रकाशाचा आणि शरीर अंधाराचं. यात देवावर ठपका येत नाही, कारण वाईट त्यानं केलेलंच नाही. माणसावरही येत नाही, कारण पाप करतो तो आपल्यातला परका अंधार.

ऑगस्टिन या पंथात ९ वर्षं राहिला. तो श्रोता या खालच्या पायरीवर होता. वरच्या पायरीवरचे निवडक लोक मांस खात नसत, लग्न करत नसत, झाडाचं फळसुद्धा स्वतः तोडत नसत. फळात अडकलेल्या प्रकाशाला इजा होते, अशी त्यांची समजूत होती. श्रोत्यांनी तोडायचं आणि त्यांना आणून द्यायचं. नासपतीचं झाड झोडपणारा पोरगा अशा पंथात जाऊन बसला होता.

शिकवायला म्हणून तो काही काळ गावी परतला, तेव्हा मोनिकानं या पंथापायी त्याला आधी घरात घ्यायलाही नकार दिला होता. पुढं त्याच्या मनात शंका वाढत गेल्या. मानीच्या ग्रंथांतलं सूर्य, चंद्र आणि ताऱ्यांचं गणित खगोलशास्त्रज्ञांच्या गणिताशी जुळत नव्हतं. प्रश्न विचारला की पंथातले लोक म्हणायचे, फॉस्टस येऊ दे, तो सगळं सांगेल. ३८३ च्या आसपास हा फॉस्टस कार्थेजला आला. बोलायला गोड, पण उत्तरं त्याच्याकडंही नव्हती. आपल्याला हे येत नाही, हे त्यानं प्रामाणिकपणे मान्य केलं. ऑगस्टिनला तो माणूस म्हणून आवडला, पण पंथावरचा विश्वास तिथंच उडाला.

मिलानमध्ये सगळंच बदललं

कार्थेजचे विद्यार्थी दंगा करायचे, म्हणून ऑगस्टिननं रोम गाठायचं ठरवलं. आई सोबत यायला निघाली. एका मित्राला निरोप देऊन येतो, असं खोटं सांगून त्यानं तिला किनाऱ्यावरच्या एका प्रार्थनास्थळात रात्रभर थांबवलं आणि जहाज पकडलं. सकाळी मोनिका समुद्राकडं बघत रडत राहिली. रोमचे विद्यार्थी दंगा करत नव्हते, पण फी द्यायची वेळ आली की गायब व्हायचे. शेवटी ३८४ मध्ये त्याला मिलानमध्ये वक्तृत्वकलेच्या शिक्षकाची सरकारी नोकरी लागली. मिलानमध्ये तेव्हा सम्राटाचा दरबार भरायचा, त्यामुळं ही नोकरी म्हणजे मोठी मजल होती.

मोनिका मागोमाग तिथंही पोचली. पोराचं करिअर पुढं न्यायचं तर चांगल्या घरातली सून हवी, म्हणून तिनं स्थळ बघितलं. मुलगी कायद्यानं लग्नाच्या वयाची व्हायला अजून दोन वर्षं बाकी होती. पण या लग्नासाठी, इतकी वर्षं सोबत राहिलेल्या, मुलाच्या आईला बाजूला करणं भाग होतं. तिला आफ्रिकेला परत पाठवण्यात आलं. पुन्हा कुणा पुरुषासोबत राहणार नाही, अशी शपथ घेऊन ती गेली. मुलगा बापाकडं राहिला.

तिच्या जाण्यानं काळजाला झालेली जखम बराच काळ वाहत होती, असं ऑगस्टिननं पुढं लिहिलं. तरी लग्नापर्यंतची दोन वर्षं त्याला धीर धरवला नाही आणि त्यानं दुसरी बाई ठेवली. लहानपणच्या फळचोरीचा इतका बारीक हिशेब मांडणाऱ्या या माणसानं त्या पहिल्या स्त्रीचं नाव मात्र कुठंच लिहिलं नाही. आजही ते कुणाला माहीत नाही.

मिलानमध्ये बिशप अँब्रोजची प्रवचनं तो ऐकायला जायचा. आधी भाषा ऐकायला, मग अर्थासाठी. त्याच काळात प्लेटोच्या परंपरेतल्या तत्त्वज्ञांची पुस्तकं त्याच्या हाती आली आणि दुष्टाव्याच्या प्रश्नाला वाट सापडली.

ती अशी. वाईट कुठून आलं, असं विचारताना आपण गृहीत धरतो की वाईट ही एक वस्तू आहे. पण ती वस्तूच नसेल तर? दुकानात दिवा विकत मिळतो, अंधार मिळत नाही. उजेड नसला की जे उरतं त्याला आपण अंधार म्हणतो. कापडाला भोक पडलं तर ते भोक कापडापासून वेगळं काढून दाखवता येत नाही. आजार म्हणजे बिघडलेली तब्येत. तसंच वाईट म्हणजे जिथं चांगलं असायला हवं होतं तिथं पडलेली तूट. देवानं बनवलेलं सगळं चांगलंच आहे, पण ते घटू शकतं, बिघडू शकतं. मानीपंथाच्या दोन राज्यांची मग गरजच उरली नाही.

बुद्धीला पटलं तरी वागणं सुटत नव्हतं. नवं आयुष्य हवं तर होतं, पण आजच नको होतं. आपलीच इच्छा आपलं ऐकत नाही, हे त्याला इथं कळलं. हात उचल म्हटलं की हात उचलला जातो, पण मनाला बदल म्हटलं की मन हलत नाही.

३८६ च्या उन्हाळ्यात मिलानमधल्या एका बागेत तो असाच रडत बसला होता. शेजारच्या घरातून एका लहान मुलाचा आवाज आला, उचल आणि वाच असं काहीतरी ते पोर गाण्यासारखं म्हणत होतं. त्यानं जवळचं पुस्तक उघडलं. संत पॉलचं पत्र समोर आलं, चैन आणि वासना सोडायला सांगणारं. त्या दिवशी त्यानं ठरवून टाकलं. नोकरी सोडली, ठरलेलं लग्न मोडलं आणि ३८७ च्या ईस्टरला मुलासोबत अँब्रोजच्या हातून बाप्तिस्मा घेतला.

त्याच वर्षी परतीच्या वाटेवर, रोमजवळच्या ऑस्तिया बंदरात मोनिका वारली. वय ५६. आफ्रिकेत परतल्यावर थोड्याच काळात अदेओदातुसही गेला. तेव्हा तो १७ वर्षांचा असेल.

देवानं स्वातंत्र्य दिलं, चूक आपली

आई गेली त्याच सुमारास, रोममध्ये, ऑगस्टिननं इच्छास्वातंत्र्यावरचा ग्रंथ लिहायला घेतला. तो तीन भागांत आहे आणि एव्होडियस या मित्राशी झालेल्या संवादाच्या रूपात मांडलाय. पुस्तक सुरूच होतं ते, दुष्टाव्याचा कर्ता देव आहे का, या प्रश्नानं.

त्याचं उत्तर थोडक्यात असं. वाईट दोन प्रकारचं असतं, आपण करतो ते आणि आपण भोगतो ते. आपण करतो त्याचं मूळ आपल्या इच्छेत. भोगतो ती देवाची न्याय्य शिक्षा. माणूस वरच्या, टिकणाऱ्या गोष्टी सोडून खालच्या, सरणाऱ्या गोष्टींकडं तोंड फिरवतो, ते वळणं म्हणजे पाप. त्याला कुणी वळवत नाही.

मग देवानं असं स्वातंत्र्य दिलंच कशाला, असं एव्होडियस विचारतो. ऑगस्टिन म्हणतो, हातांनी लोक चोऱ्या करतात म्हणून हात असणं वाईट ठरत नाही. इच्छेचंही तसंच. तिच्याशिवाय माणूस पाप करू शकत नाही, पण नीट वागूही शकत नाही.

पुढचा पेच आणखी अवघड. मी उद्या काय करणार हे देवाला आधीच माहीत असेल, तर माझ्या हातात काय उरलं? ऑगस्टिन स्मरणशक्तीचं उदाहरण देतो. काल काय घडलं ते आपल्याला आठवतं, पण आपल्या आठवण्यामुळं ते घडलं नाही. तसंच देवाला पुढचं दिसतं, पण त्याच्या दिसण्यामुळं ते घडत नाही.

एका गोष्टीवर मात्र त्यानं हात टेकले. इच्छा पहिल्यांदा वाईटाकडं वळते ती कशामुळं? याचं कारण शोधणं म्हणजे अंधार डोळ्यांनी बघायला जाण्यासारखं आहे, असं त्यानं नंतर लिहिलं. चोरीचं कारण त्याला तेव्हाही सापडलं नव्हतं, आताही सापडलं नाही.

बिशपच्या खुर्चीत बसल्यावर

३९१ मध्ये तो काही कामानं हिप्पो या बंदराच्या गावी गेला. आजचं अल्जीरियातलं अन्नाबा. चर्चमधल्या लोकांनी त्याला धरलं, पुढं ढकललं आणि तिथंच धर्मगुरू करून टाकलं. तो रडत होता. ३९५ च्या आसपास तो बिशप झाला आणि मरेपर्यंत तिथंच राहिला.

बिशपच्या कामात प्रवचनं होतीच, शिवाय लोकांच्या भांडणांचे निवाडेही असायचे. रोज माणसं समोर यायची, शपथा घ्यायची आणि मोडायची. चांगलं वागायचं ठरवलं की माणूस वागू शकतो, यावरचा त्याचा विश्वास कमी होत गेला. ३९६ च्या सुमारास पॉलची पत्रं पुन्हा वाचताना तो एका निष्कर्षाला आला. देवाकडं वळायची इच्छासुद्धा आधी देवाच्या कृपेनंच जागी होते. आपण इच्छास्वातंत्र्याच्या बाजूनं खूप झगडलो, पण कृपा जिंकली, असं त्यानं आयुष्याच्या शेवटी या बदलाबद्दल नोंदवलं.

याच काळातला एक डाग त्याचे चाहतेही नाकारत नाहीत. आफ्रिकेत डोनॅटिस्ट नावाचा ख्रिस्ती लोकांचाच वेगळा गट होता. सुरुवातीला ऑगस्टिन म्हणायचा, कुणाला जबरदस्तीनं चर्चमध्ये आणू नये, चर्चा करावी. पुढं सरकारी दंड आणि कायद्याच्या धाकानं लोक परत येताना दिसले आणि त्यानं मत बदललं. मृत्युदंडाला त्याचा विरोध कायम राहिला, पण दंड आणि जप्तीला त्यानं पाठिंबा दिला. इच्छास्वातंत्र्यावर ग्रंथ लिहिणारा माणूस श्रद्धेसाठी धाक वापरायला तयार झाला. शेकडो वर्षांनी जबरदस्ती करणाऱ्यांनी त्याचा हा आधार दाखवला.

बाळानं काय पाप केलं?

२४ ऑगस्ट ४१० ला व्हिसिगॉथ टोळ्यांनी रोम लुटलं. जुने देव सोडले म्हणून हे झालं, असं लोक म्हणायला लागले. त्याला उत्तर म्हणून ऑगस्टिननं सिटी ऑफ गॉड हा २२ भागांचा ग्रंथ लिहिला. त्याच धामधुमीत रोममधून आफ्रिकेकडं आलेल्या लोकांत पेलाजियस नावाचा, मूळचा ब्रिटनचा, कडक शिस्तीचा तपस्वी होता.

पेलाजियसला ऑगस्टिनची एक प्रार्थना खटकली होती. देवा, तू जी आज्ञा देतोस ती पाळायची ताकदही तूच दे, अशा अर्थाची. पेलाजियसचं म्हणणं, मग माणूस हात झटकून मोकळाच की. ताकद मिळाली नाही, म्हणून चुकलो, असं प्रत्येक जण सांगेल. देव अशक्य ते करायला सांगत नाही. माणूस निर्दोष जन्मतो, आदमनं वाईट उदाहरण घालून दिलं इतकंच. ठरवलं तर माणूस चांगला वागू शकतो.

आज ऐकलं तर पेलाजियसच जास्त पटतो. पण ऑगस्टिनला मिलानची बाग आठवत होती. ठरवलं की जमतं, हे त्याच्या अनुभवाला धरून नव्हतं. ज्यांना जमत नाही, त्या सामान्य माणसांसाठी पेलाजियसच्या धर्मात जागा कुठं आहे, हा त्याचा सवाल होता.

खरा पेच मात्र लहान बाळांवरून पडला. तेव्हा जन्मलेली कितीतरी बाळं वर्षाच्या आत जायची. न्यायी देवाच्या जगात बाळ का भोगतं? आपल्याकडं अशा वेळी मागच्या जन्मीचं संचित पुढं केलं जातं. ख्रिस्ती धर्मात मागचा जन्मच नाही. ऑगस्टिनपुढं दोनच वाटा होत्या. बाळ विनाकारण भोगतं म्हणजे देव अन्यायी किंवा दुबळा, म्हणजे पुन्हा मानीपंथ. नाहीतर बाळातही काहीतरी दोष आहे.

त्यानं दुसरी वाट धरली. आदमनं पाप केलं तेव्हा सगळी मानवजात त्याच्यात होती, त्यामुळं प्रत्येक जण तो दोष घेऊनच जन्मतो. हेच ते मूळ पाप. बाप्तिस्मा पापक्षमेसाठी असतो आणि चर्च तो बाळांनाही देतं, म्हणजे बाळांतही पाप असलंच पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद होता. बाप्तिस्म्याआधी वारलेलं बाळ स्वर्गात जाणार नाही, त्याची शिक्षा सगळ्यात सौम्य असेल पण असेल, इथपर्यंत तो गेला.

यात भाषांतराचाही एक घोळ होता. पॉलच्या रोमकरांना लिहिलेल्या पत्रातलं एक वाक्य लॅटिनमध्ये असं उतरलं होतं की सगळ्यांनी आदममध्ये पाप केलं, असा अर्थ निघायचा. मूळ ग्रीकमध्ये मात्र सगळ्यांनी पाप केल्यामुळं, असा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. ऑगस्टिनचं ग्रीक कच्चं होतं. शाळेत त्याला ग्रीकचा कंटाळा यायचा, हे त्यानंच लिहून ठेवलंय.

४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेनं पेलाजियसची मतं चुकीची ठरवली. सम्राट होनोरियसनं त्याला आणि त्याच्या साथीदारांना रोममधून हाकललं. ऑगस्टिन जिंकला, पण प्रश्न संपला नाही.

इटलीतल्या एक्लानमचा तरुण बिशप ज्युलियन या निकालावर सही करायला तयार झाला नाही. त्याचे वडील ऑगस्टिनचे मित्र होते. पद गेलं, देश सोडावा लागला, तरी तो लिहीत राहिला. त्याचा मुद्दा सरळ होता. दुसऱ्याच्या चुकीसाठी तान्ह्या बाळाला शिक्षा करणाऱ्याला न्यायी कसं म्हणायचं? माणूस जन्मतःच बिघडलेला आणि शरीराची वासना म्हणजे त्या बिघाडाची खूण, हे तर मानीपंथच झालं. ऑगस्टिननं पंथ सोडला, पण पंथानं ऑगस्टिनला सोडलं नाही, असा त्याचा आरोप होता.

हा घाव वर्मी होता. ज्या पंथातून सुटायला आयुष्य घातलं, तोच शिक्का म्हातारपणी कपाळावर आला.

विरोधकच कशाला, स्वतःच्या बाजूची माणसंही गोंधळली. ४२६ च्या सुमारास आफ्रिकेतल्याच हाद्रुमेतुम गावच्या मठातल्या संन्याशांनी विचारलं, सगळं कृपेवरच असेल तर आमचे वरिष्ठ आम्हाला रागावतात कशाला? आमच्यासाठी फक्त प्रार्थना करावी. त्यावर ऑगस्टिननं पुन्हा ग्रंथ लिहिला आणि सांगितलं की स्वातंत्र्यही खरं आहे आणि कृपाही. कृपा इच्छा मोडत नाही, तिला बरं करते. पण कृपा कुणाला मिळणार आणि कुणाला नाही, हे देव का आणि कसं ठरवतो, याला त्याच्याकडं एकच उत्तर होतं. ते माणसाला कळण्यापलीकडचं आहे.

भिंतीवर टांगलेली स्तोत्रं

४३० मध्ये व्हँडल टोळ्यांनी हिप्पोला वेढा घातला. गावात आसपासचे निर्वासित भरले होते. वेढ्याच्या तिसऱ्या महिन्यात ऑगस्टिनला ताप आला. त्यानं पश्चात्तापाची स्तोत्रं लिहून अंथरुणासमोरच्या भिंतीवर लावायला सांगितली. वैद्य आणि जेवण घेऊन येणारे सोडून कुणी आत यायचं नाही, असं बजावलं. शेवटचे सुमारे दहा दिवस तो ती स्तोत्रं वाचत रडत होता. २८ ऑगस्ट ४३० ला वयाच्या ७६ व्या वर्षी तो गेला. ज्युलियनला उत्तर देणारा त्याचा शेवटचा ग्रंथ अर्धाच राहिला. मृत्युपत्र केलं नव्हतं, कारण नावावर काही नव्हतं. मागं राहिला तो ग्रंथसंग्रह, आणि तो गावाच्या विध्वंसातूनही वाचला.

पुढच्या हजार वर्षांत पश्चिम युरोपच्या ख्रिस्ती विचारावर त्याची छाप राहिली. सोळाव्या शतकात चर्चविरुद्ध उभा राहिलेला मार्टिन ल्यूथर ऑगस्टिनच्याच नावाच्या संघाचा संन्यासी होता. केवळ कृपेनंच तारण, हा आपला मुद्दा त्यानं ऑगस्टिनच्या आधारानं मांडला. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चनं मात्र आदमचा दोष बाळाला लागतो हे कधी मानलं नाही. मे २०२५ मध्ये पोप झालेले लिओ चौदावे याच ऑगस्टिनियन संघातले आहेत.

आणि त्या बाळांचं काय झालं? ऑगस्टिनची भूमिका मध्ययुगातल्या विचारवंतांनाही कठोर वाटली. त्यांनी अशा बाळांसाठी लिम्बो नावाची, ना शिक्षा ना स्वर्ग अशी जागा कल्पिली. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगानं सांगितलं की बाप्तिस्म्याविना वारलेल्या बाळांनाही देव तारेल, अशी आशा धरायला भक्कम कारणं आहेत. ज्युलियनच्या प्रश्नानंतर हे म्हणायला जवळपास सोळाशे वर्षं जावी लागली.

देवावर ठपका येऊ द्यायचा नाही, हे ऑगस्टिननं एकदा ठरवलं होतं. मग तो ठपका माणसावर आला आणि सरकत सरकत पाळण्यापर्यंत गेला. पण याच माणसानं, आपल्या चुकीला बाहेरचं कारण शोधू नये, हेही पहिल्यांदा इतक्या स्पष्टपणे स्वतःच्या नावानिशी लिहिलं होतं. परिस्थिती, सैतान, तारे, अंधाराचं राज्य, यांपैकी कुणीही ते झाड झोडपलं नव्हतं. घरी चांगली फळं असताना ते त्यानंच झोडपलं होतं.